मशीनला काकांची चाल पटेना: नाशिकच्या एका पतसंस्थेतलं प्रकरण

श्रावणातला बुधवार. गोदावरीचा पूर ओसरला होता, तरी घाटावरचा बुधवारचा बाजार त्या आठवड्यात भरला नव्हता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास भांडी बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर पिग्मीवाले काका उभे होते. एका हातात छत्री, खांद्याला चिल्लरीनं जड झालेली रेक्झिनची बॅग, पँटच्या आत उजव्या गुडघ्याला नी-कॅप. शेठनी रोजच्यासारखी दोनशेची नोट पुढे केली. काकांनी मशीन काढलं, खातं क्रमांक टाकला आणि पडद्यावर लाल पट्टी आली: ‘वापरकर्त्याची ओळख जुळत नाही. व्यवहार थांबवला आहे.’

शेठनी ती वाचली. “काय काका, मशीन तुम्हालाच ओळखत नाही?”

ते सहज बोलले. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि त्यांनी मान वळवून पाहिलं. काका म्हणाले, रेंज नसेल. पाच मिनिटांत शाखेतून फोन आला, “काका, मशीन कुणाकडे दिलंय?” हे वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं. मशीन त्यांच्या हातातच होतं. त्या दिवशीचा बाकीचा भरणा त्यांनी डायरीच्या पानावर लिहून घेतला आणि संध्याकाळी शाखेत बॅग टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मोजून घ्या, आणि लाईन दुसऱ्या कुणाला द्या.”

मी या पतसंस्थेच्या तांत्रिक समितीवर आहे. पिग्मी एजंटांची ओळख त्यांच्या चालीवरून पटवणारी सोय घ्यावी, अशी शिफारस ज्या कागदावर आहे त्यावर माझी सही आहे. म्हणून हे प्रकरण मीच लिहायला हवं असं मला वाटलं. संस्थेचं, ॲप बनवणाऱ्यांचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. काकांनी हे वाचून हो म्हटल्यावरच पुढे पाठवते आहे.

सोय घेतली कशासाठी

पिग्मी ही कल्पना १९२८ सालची, उडुपीच्या सिंडिकेट बँकेची. दारोदार जाऊन रोज दोन आण्यांइतकी छोटी रक्कम गोळा करायची. पुढे महाराष्ट्रातल्या अनेक पतसंस्था याच दैनिक ठेवीवर उभ्या राहिल्या. ठेवीदार संस्थेच्या दारात क्वचित येतो. त्याच्या दृष्टीनं संस्था म्हणजे रोज येणारा एजंट. आमच्याकडे ‘मशीन’ म्हणतात तो खरं तर साधा अँड्रॉइड फोन, सोबत ब्लूटूथनं जोडलेला पावतीचा छोटा प्रिंटर.

आधी एक वाईट अनुभव आला होता. सिडकोकडच्या एका एजंटला कावीळ झाली. त्यानं मशीन भाच्याच्या हातात दिलं, पिनही सांगितला. भाच्यानं काही दिवस वसुली केली, पण काही रकमा मशीनमध्ये घातल्याच नाहीत. पैसे नंतर भरून आले, पण संचालक मंडळ धास्तावलं. पुढच्या सभेत एकच मागणी होती, मशीन ज्याचं त्याच्याच हातात आहे हे कळलं पाहिजे.

पिन सांगता येतो. बोटाचा ठसा पक्का वाटतो, पण फोनचा पिन ज्याला माहीत आहे तो त्याच फोनमध्ये स्वतःचंही बोट नोंदवू शकतो. चेहरा तपासायचा तर दर दुकानात थांबून, छत्री बाजूला करून फोन तोंडासमोर धरायचा, आणि मागे गिऱ्हाईक ताटकळतंय. तेव्हा ॲपवाल्यांनी सांगितलं, एजंटनं काहीच करायचं नाही, तो चालतो आणि फोन ओळखतो. आम्हाला ते पटलं. मलाही पटलं, कारण त्यात तथ्य आहे.

माणूस चालीवरून ओळखू येतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जुन्या नाशकातल्या वाड्यांत लाकडी जिन्यावर पाऊल वाजलं की आतल्या खोलीतून आजी सांगायची, कोण वर येतंय. १९७३ मध्ये गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं माणसांच्या सांध्यांवर मोजके दिवे लावून त्यांना अंधारात चालवलं. पाहणाऱ्यांना फक्त ठिपके दिसत होते, तरी माणूस चालतोय हे लगेच कळलं. १९७७ मध्ये कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी दाखवलं की अशा ठिपक्यांवरून लोक आपल्या ओळखीच्या माणसांनाही बऱ्यापैकी हेरतात.

फोनमध्ये हेच काम एक्सेलरोमीटर करतो. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगवर टांगलेला असतो. फोन हलला की तो मागेपुढे सरकतो, विद्युतधारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि त्यावरून तिन्ही दिशांचं त्वरण मिळतं. जोडीला जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो. सेकंदाला पन्नास ते शंभर वेळा ही मोजणी होते. टाच टेकली की आलेखात उंच टोक येतं. डावं आणि उजवं अशी दोन पावलं मिळून एक आवर्तन, साधारण सेकंदाभराचं. ॲप अशी काही आवर्तनं कापून घेतं, नोंदणीच्या वेळी साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहतं आणि गुण देतं. गुण उंबरठ्याच्या वर असतील तर माणूस तोच, खाली असतील तर दुसरा.

हा उंबरठा आम्ही ठरवला होता. भाच्याची आठवण ताजी होती, म्हणून तो कडक ठेवला.

आम्ही काय विचारलं नाही

फिनलंडच्या व्हीटीटी या संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये ३६ जणांवर या पद्धतीचा प्रयोग केला होता. संवेदक कमरपट्ट्याला, पाठीमागे, घट्ट. नोंदणी एका दिवशी आणि चाचणी दुसऱ्या दिवशी. त्यात चुकीचं प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत खाली आलं. म्हणजे उंबरठा अशा जागी ठेवला की खऱ्याला नाकारण्याची आणि खोट्याला स्वीकारण्याची चूक सारखीच होते, तेव्हा ती दोन्हीकडे ७ टक्के. २०१० मध्ये डेरावी आणि सहकाऱ्यांनी ५१ जणांवर, साध्या बाजारातल्या फोननं, तोही कमरेलाच लावून, हेच केलं तेव्हा ही चूक २० टक्क्यांच्या घरात गेली. त्यानंतर पद्धती पुष्कळ सुधारल्या. जपानच्या ओसाका विद्यापीठानं ७४४ जणांच्या चालीचा संग्रह तयार केला, यंत्र-शिक्षणाच्या नव्या रीती आल्या. पण अशा प्रत्येक आकड्यामागे तीन प्रश्न उभे असतात. फोन कुठे ठेवला होता, जमीन कशी होती, आणि नोंदणी व चाचणी यांत किती दिवसांचं अंतर होतं. ॲपवाल्यांच्या माहितीपत्रकात एकच देखणा आकडा होता आणि आम्ही यातलं काहीही विचारलं नाही.

आणखी एक साधा हिशेब मी सही करण्याआधी करायला हवा होता. समजा, खऱ्या माणसाला चुकून नाकारण्याची शक्यता दर तपासणीला फक्त ५ टक्के आहे. दिवसात वीस तपासण्या झाल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसल्या, तर वीसच्या वीस वेळा सुखरूप पार पडण्याची शक्यता ३६ टक्केच उरते. म्हणजे तीनपैकी दोन दिवस कधी ना कधी प्रामाणिक एजंटपुढे लाल पट्टी येणार. घरी फोन उघडताना एकदा नकार आला तर आपण पुन्हा बोट ठेवतो. भर बाजारात, पैसे देणाऱ्यासमोर आलेला नकार तसा विसरला जात नाही.

काकांबरोबर एक फेरी

प्रकरण झाल्यावर पाचव्या दिवशी मी काकांबरोबर त्यांची अख्खी लाईन चालले. रविवार कारंजा, मेन रोडचा तुकडा, भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, मग होळकर पुलावरून पंचवटी कारंजा. समितीच्या चार बैठकांत जे कळलं नाही ते या अडीच-तीन तासांत कळलं.

काका सलग चालतच नाहीत. एका दुकानातून निघाले की दहा-बारा पावलांवर पुढचं दुकान. पायरी चढायची, थांबायचं, दोन शब्द बोलायचे, पायरी उतरायची. ॲपला एका लयीत काही सेकंदांची सरळ चाल लागते. ती त्यांना अख्ख्या फेरीत धड मिळाली ती होळकर पुलावर. बाकी सगळीकडे ॲप तुटक्या पावलांवरून निकाल देत होतं. त्यातून जुनं नाशिक म्हणजे चढ-उतार. सराफ बाजाराकडून नदीच्या अंगाला उतरताना माणूस टाच रोवून, पाऊल आखडतं घेऊन चालतो, आणि तिवंध्याकडे वर चढताना पुढे झुकतो. काकांची नोंदणी झाली होती मार्च महिन्यात, शाखेच्या हॉलमध्ये, फरशीवर, खुर्च्या भिंतीला लावून, एकाच दुपारी. त्या वेळी पायात रोजच्या चामडी चपला होत्या. श्रावणात प्लास्टिकचे सँडल होते आणि एक हात छत्रीत अडकलेला होता. हात मोकळा झुलला नाही तर धडाची हालचालही बदलते.

मग बॅग. नोंदणीच्या वेळी फोन शर्टाच्या खिशात होता. पावसात काका तो बॅगेत ठेवायला लागले होते, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. बॅग खांद्यावर लोलकासारखी हलते. पट्टा किती लांब, आत चिल्लर किती, त्यावर तिचा झोका ठरतो. मला शंका आली म्हणून आम्ही शाखेत एक चाचणी केली. आधी काकांची नोंदणी फोन बॅगेत ठेवून नव्यानं केली. मग तीच बॅग, त्याच पट्ट्यानं, काकांच्याच उंचीच्या आमच्या शिपाईदादांच्या खांद्याला दिली आणि त्यांना बाहेर रस्त्यावर चालायला सांगितलं. मशीननं त्यांना काका म्हणून स्वीकारलं, एकदा नाही, तीनदा. ते बरंचसं बॅगेलाच ओळखत होतं.

मी हे मंडळापुढे मांडलं तेव्हा एक संचालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे भाचा आला असता तर चाललं असतं, आणि काका आले ते चालले नाहीत.” मला याहून नेमकं मांडता आलं नसतं.

मुद्दाम नक्कल करणाऱ्याचा विषयही निघाला. नॉर्वेतल्या ग्योविकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की दुसऱ्याची चाल पाहून तशी चालायचा प्रयत्न केल्यानं फारसा फायदा होत नाही. पण नोंदवलेल्या लोकांपैकी आपल्याशी सर्वात मिळतीजुळती चाल कुणाची हे कळलं, तर धोका खरा होतो. २०१५ मध्ये तर ट्रेडमिलवर सराव करवून फसवणूक साधता येते हेही दाखवलं गेलं. आमच्या लाईनवर कुणी ट्रेडमिल लावणार नाही, पण घरचाच माणूस, त्याच हाडापेराचा, तीच बॅग घेऊन निघू शकतो. त्याच वर्षी गूगलनं फोन अंगावर असेपर्यंत उघडा ठेवणारी सोय आणली, तेव्हाही बजावलं होतं की उघडा फोन दुसऱ्यानं हातातून घेतला तर तो उघडाच राहू शकतो. पैशाच्या व्यवहाराचा शेवटचा शब्द मी चालीच्या हाती द्यायला नको होता.

गुडघा

इथपर्यंतचं सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. खरी बोच पुढे आहे.

ॲपवाल्यांकडून आम्ही काकांच्या मागच्या महिन्याच्या नोंदी मागवल्या. मी त्या आलेखाला एक साधी कसोटी लावली. आलेख एका पावलाइतका सरकवून त्याच्याच मूळ रूपावर ठेवायचा आणि किती जुळतो ते पाहायचं. मग दोन पावलांइतका सरकवून तेच करायचं. निरोगी चालीत दोन्ही वेळा चांगलं जुळतं, कारण डावं पाऊल उजव्यासारखंच पडतं. लंगडणाऱ्याच्या चालीत दोन पावलांवर जुळतं, कारण उजव्यानंतर येणारं पुढचं उजवं तसंच असतं. एका पावलावर मात्र विसकटतं, कारण दुखऱ्या पायावर भार टेकतो न टेकतो तोच दुसरा पाय पुढे येतो.

काकांच्या आलेखात ही विसंगती लाल पट्टीच्या आधी आठ दिवसांपासून दिसत होती. पूर ओसरल्यावर सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला गाळ साचतो, तिथे ते घसरले होते. तीन दिवस घरी राहिले आणि पाय ओढत पुन्हा लाईनवर आले. शाखेत कुणालाही सांगितलं नव्हतं. फेरीच्या दिवशी होळकर पुलाच्या कठड्याला टेकून ते मला म्हणाले होते, “ताई, गुडघ्याचं शाखेत सांगू नका. पाय गेला म्हटलं की लाईन जाते.”

एजंटला पगार नसतो, कमिशन असतं. रजा म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली, आणि ठेवीदाराची सवय मोडली ती वेगळीच. जे दुखणं त्यांनी बायको आणि डॉक्टर सोडून सगळ्यांपासून लपवलं होतं, ते त्यांच्याजवळच्या फोननं कुठल्यातरी सर्व्हरवर रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं, आणि मी ते माझ्या टेबलावर बसून वाचलं. वाचताना मला लाज वाटली. चाल म्हणजे नुसती ओळख नाही. त्यात गुडघा आहे, कंबर आहे, वय आहे. कंपवातासारख्या आजारांत पावलं बदलतात, हे तर डॉक्टर चालीवरूनच पाहतात.

अँड्रॉइडवर कॅमेरा किंवा लोकेशन वापरायला ॲपला परवानगी मागावी लागते, पडद्यावर चौकट येते. एक्सेलरोमीटर वाचायला अशी चौकट येतच नाही. त्यामुळे आपल्या पावलांची नोंद होते आहे हे एजंटांना फोननं कधी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते करारपत्राच्या चौथ्या पानावर, इंग्रजीत, एका ओळीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मोकळी, नेमकी आणि माहिती देऊन घेतलेली असावी असं सांगतो. मंडळात कुणीतरी त्याच कायद्यातल्या दुसऱ्या तरतुदीकडे बोट दाखवलं. नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरायला त्यात जागा आहे. मी विचारलं, वर्षानुवर्षं आपण एजंटांना सांगत आलो की तुम्ही आमचे नोकर नाही, कमिशनवाले आहात. मग आज त्यांच्या गुडघ्यासाठी ते नोकर कसे झाले? त्यावर चर्चा संपली.

काय बदललं

मी शिफारस मागे घेतली आणि नवी दिली. मंडळानं ती थोडी कमीजास्त करून मान्य केली.

चाल आता व्यवहार थांबवत नाही. पडद्यावर ठेवीदाराला दिसेल अशी कुठलीही पट्टी येत नाही. चाल बराच वेळ जुळली नाही तर फोन एजंटला एकदाच पिन विचारतो, तोही दोन दुकानांच्या मध्ये, आणि शाखेत एक नोंद पडते. ती पाहून शाखेतून एजंटला फोन करणाऱ्यानं पहिलं वाक्य काय बोलायचं हेही लिहून ठेवलं आहे: “काका, सगळं ठीक ना?” मला हा बदल सर्वात महत्त्वाचा वाटतो. आलेखाची कच्ची माहिती फोनबाहेर जात नाही, फक्त गुण जातात आणि तेही महिन्याभरानं पुसले जातात. नोंदणी एजंटच्या स्वतःच्या लाईनवर होते, तीन वेगवेगळ्या दिवशी, जी पादत्राणं रोज असतील त्यांत आणि फोन जिथे ठेवत असतील तिथे ठेवून. संमतीपत्र मराठीत आहे, आणि नको म्हणणाऱ्याला चेहऱ्याचा पर्याय आहे, दिवसातून दोनदा, शाखेतून निघताना आणि परतताना.

ठेवीदाराचं खरं रक्षण मात्र चालीनं होणारच नव्हतं. भाच्यानं पैसे घेतले आणि मशीनमध्ये घातले नाहीत, हा तो गुन्हा होता. मशीन खऱ्या एजंटच्या हातात असतं तरी तो करता आला असता. म्हणून आता प्रत्येक भरण्याचा एसएमएस ठेवीदाराच्या स्वतःच्या मोबाईलवर जातो. त्यासाठी आधी जुने, बंद पडलेले, मुलाच्या नावावरचे नंबर दुरुस्त करावे लागले. ते कंटाळवाणं काम होतं आणि त्यालाच सर्वात जास्त दिवस लागले. महिन्यातून एकदा दुसराच कर्मचारी लाईनवर जाऊन पासबुकांचा मेळ घालतो.

आणि बदली एजंट. हे पहिल्या सभेत कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कावीळ झालेल्या माणसानं मशीन भाच्याला दिलं, कारण आजारपणात लाईन कोण सांभाळणार याची संस्थेकडे काहीच सोय नव्हती. मशीन कुणाच्या हातात आहे हे आम्ही अख्खं वर्ष शोधत बसलो, ते दुसऱ्याच्या हातात का गेलं हे विचारलं नाही. आता प्रत्येक एजंट आपला एक बदली माणूस आधी नोंदवतो. त्याची ओळखपत्रं संस्थेकडे असतात, त्याचा पिन वेगळा, त्या दिवसांचं कमिशन दोघांत ठरल्याप्रमाणे वाटलं जातं, आणि परत आल्यावर लाईन मूळ माणसाचीच राहते. कारण विचारलं जात नाही.

भांडी बाजारातल्या शेठकडे शाखाधिकारी स्वतः गेले आणि चूक संस्थेची होती हे त्यांना दुकानात, गिऱ्हाइकांदेखत सांगितलं. काकांनी लाईन सोडली नाही.

कार्तिकात त्यांची नवी नोंदणी झाली. तिसऱ्या दिवशी होळकर पुलावर मी त्यांना त्यांचा आलेख दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “यातला उजवा पाय कुठला?” मी बोट ठेवलं. ते म्हणाले, “बारीक झालाय.”

गुडघ्याची शस्त्रक्रिया आता ठरली आहे. त्यानंतर ही नोंदही निरुपयोगी होईल, ती पुसून नव्यानं घ्यावी लागेल. २०२७ मध्ये सिंहस्थाची गर्दी पंचवटीत उतरली की महिनोन्‌महिने कुणालाच स्वतःच्या चालीनं चालता येणार नाही, तेव्हा चालीची तपासणी पूर्ण बंद ठेवावी असा माझा प्रस्ताव आहे. तो पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि त्या सभेला या वेळी दोन एजंटांनाही बोलावलं आहे. त्यातले एक काका आहेत.